कोंडूची सदतीस गुणसूत्रं

तिळारीच्या जलाशयातल्या बेटांवर जन्मलेल्या प्रत्येक हुलॉक गिबनचे आई, बाप, जन्मतारीख आणि मरणतारीख माझ्या वहीत आहेत. वही म्हणते ती सवयीने. २०४७ साली वही पडद्यावरच असते, पण मी दर महिन्याला तिची छापील प्रत काढून शिवून ठेवते, कारण पडद्यावरचं कोण कधी बदलेल याचा मला भरवसा नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, माझा कशावरच भरवसा नाही. हे खरं नाही. माझ्या सहीवर माझा पूर्ण भरवसा होता.

मी इंदुमती तायशेटे, संवर्धन केंद्राची वंशनोंद अधिकारी. हुलॉक म्हणजे बिनशेपटीचा, लांब हातांचा, पांढऱ्या भुवयांचा कपी. नर काळा, मादी भुरी. ईशान्येकडची त्यांची रानं तुकड्या-तुकड्यांची झाली, तेव्हा बारा जोड्या आणून इथल्या बेटांवर सोडल्या. गिबनला पोहता येत नाही, त्यामुळे बेटाला कुंपण लागत नाही. एका बेटावर एक नर, एक मादी आणि त्यांची पोरं. जोडी जन्माची असते. सकाळी दोघं मिळून ओरडतात, तो आवाज पार धरणाच्या भिंतीपर्यंत जातो. आमच्याकडचे बरेच कर्मचारी या प्राण्यांचं कौतुक करतात की यांच्यात भांडणं नाहीत. मी म्हणते, सासरचं कुणी बेटावर नसलं की होतं असं.

धागावाचक यंत्र फेब्रुवारीत आलं. पुण्याहून डॉ. सत्यजित रणदिवे स्वतः ते मांडीवर घेऊन आले, ड्रायव्हरच्या हातीही दिलं नाही. ते आमचे संशोधन सल्लागार. वय एक्केचाळीस, बुद्धी चांगली आणि घाई फार.

यंत्राचं काम समजायला थोडी माहिती लागेल. गुणसूत्र म्हणजे पेशीत गुंडाळून ठेवलेला धागा. प्राणी कसा घडवायचा ते त्यावर लिहिलेलं असतं. माणसात असे सेहेचाळीस धागे. चिंपांझी, गोरिला, ओरँगउटान यांच्यात अठ्ठेचाळीस. मजकूर पुष्कळसा तोच, पण आपल्या कुणा पूर्वजात दोन धागे टोकाला टोक चिकटून एक झाले आणि तो सांधा आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात आजही सापडतो. शाळेच्या सहली येतात तेव्हा मी मुलांना सांगते, चिंपांझीपेक्षा आपल्याकडे दोन धागे कमीच आहेत. मुलं हसतात. बरोबरचे शिक्षक हसत नाहीत.

गिबन या कुळातले अतिउत्साही बाइंडर. बाकीच्या कपींनी लाखो वर्षांत मोजके सांधे बदलले. गिबननी तेवढ्याच काळात सगळ्या वह्या उसवल्या, पानांचे गठ्ठे इकडचे तिकडे केले आणि पुन्हा शिवल्या. म्हणून त्यांच्या एका जातीत बावन्न धागे, एकीत पन्नास, एकीत चव्वेचाळीस, आणि आमच्या हुलॉकमध्ये अडतीस. पानं मात्र जवळपास सगळी शाबूत.

पानं सगळी असतील तर प्राणी ठणठणीत. दोन धागे चिकटून एक झाले तरी त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पिल्लू होताना. आईकडे किंवा बापाकडे जोडलेला धागाही आणि सुटेही असले, तर वाटणीत कधीकधी पिल्लाच्या वाट्याला एक गठ्ठा दोनदा येतो किंवा येतच नाही. असं पिल्लू जन्माआधी जातं किंवा लगेच. वाटणी नीट झाली तर ते जगतं आणि सांधा पुढच्या पिढीत नेतं. असे नशीबवान सांधे साठत साठतच एका जातीच्या दोन जाती होतात.

धागावाचक धाग्यावरची अक्षरं वाचत नाही, नुसती बांधणी बघतो. गिबनने चावून टाकलेल्या फळावर गालातल्या पेशी चिकटतात, तेवढ्या त्याला पुरतात. प्राण्याला पकडावं लागत नाही. वीस मिनिटांत पडद्यावर धागे उभे राहतात, कुठला कशाला चिकटलाय ते दिसतं. प्रत्येक प्राण्याच्या बांधणीत बारीक खुणा वेगळ्या असतात, त्यामुळे दोन प्राण्यांचा निकाल हुबेहूब सारखा कधी येत नाही. आईबाप ठरवायला मात्र अक्षरं वाचावी लागतात. तो नमुना बाहेर पाठवायचा, निकाल दीड-दोन महिन्यांनी.

पहिल्याच आठवड्यात कोंडूचा निकाल आला. सदतीस.

कोंडू बेट क्रमांक तीनवरचा सव्वातीन वर्षांचा नर. आणि तो माझ्या वहीतला सगळ्यात प्रसिद्ध प्राणी होता, कारण तो दत्तक होता. वहीप्रमाणे त्याची आई बेट चारवरची बकुळा. तिने त्याला जन्मल्याबरोबर टाकलं. त्याच दिवशी बेट तीनवरच्या शेवंतीचं पिल्लू मेलेलं जन्मलं. बकुळाने टाकलेलं पिल्लू होडीतून शेवंतीकडे नेलं आणि तिने ते पोटाशी घेतलं. गिबनमध्ये परक्याचं पोर सांभाळल्याची नोंद म्हणून रणदिव्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला होता, परदेशात वाचून आले होते.

"बकुळा अडतीस, तिचा नर अडतीस, आणि पोरगा सदतीस," रणदिवे म्हणाले. ते माझ्या टेबलाशी उभेच होते. बसायला वेळ नव्हता. "तायशेटेबाई, म्हणजे हा सांधा याच पिढीत पडलाय. आपल्या डोळ्यांसमोर."

"डोळ्यांसमोर काही पडलेलं नाही. वादळात चार दिवस कॅमेरे बंद होते."

"पण वहीत नोंद आहे ना?"

"आहे."

"तुमच्या वहीत चूक असू शकते?"

"आपोआप नाही. कुणीतरी आणून ठेवली तरच."

"मग झालं. मला एक प्रमाणपत्र हवंय, की मातृत्वाची नोंद प्रत्यक्ष पाहून केलेली आहे."

"त्यापेक्षा आईबापाची चाचणी पाठवा की."

"पाठवू, पाठवू. नंतर पाठवू. वही असताना घाई काय आहे?"

यापूर्वी कुठल्याच गोष्टीत घाई काय आहे असं हा माणूस म्हणालेला नव्हता. मी मनात खूण केली.

नोंद काढून बघितली. १२ नोव्हेंबर २०४३. खाली सही रक्षिका सुभद्रा गवस, त्याखाली माझी. वादळात बाकीच्या होड्या बंद होत्या. त्या चार दिवसांत बेटांजवळच्या टेहळणीच्या माळ्यावर एकटी सुभद्रा होती, आणि ती एकटीच होडी घालत होती. तिने जे लिहून आणलं त्यावर मी न बघता सही केली होती. चौदा वर्षं जिच्याबरोबर दुपारी डबा खाल्ला तिचं काय बघायचं?

सुभद्रा बावन्न वर्षांची. शाळा सातवीपर्यंत, पण माद्या आवाजावरून ओळखते. धागावाचक आला त्या दिवशी तिने त्याच्याकडे बघून विचारलं होतं, "ह्या आता आमचा काम करतला?" माझ्याशी ती मानाने बोलते आणि मानानेच टोमणे मारते. "बाईनू, तुमचे भाजयेक मीठ नाय. घाला थोडा, कागद नाय लागना त्याका."

मी तिला सांगितलं की शेवंतीने चावलेलं फळ आण.

"शेवंती टाकना नाय. सगळा गिळता."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. शेवंती झाडावरून उतरलीच नव्हती म्हणे. तिसऱ्या दिवशी सुभद्राने एक अर्धवट चावलेला पेरू पिशवीत घालून आणून दिला, वर चिठ्ठी शेवंतीच्या नावाची. निकाल अडतीस. रणदिवे खूश. शेवंती साधी, बकुळा साधी, म्हणजे सांध्याचा जन्म कोंडूतच.

मी शेवंतीच्या आणि बकुळाच्या निकालाचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. बारीक खुणांसकट दोन्ही तंतोतंत जुळले. पेरू बकुळाने चावलेला होता.

त्या दुपारी सुभद्राने कोळंबीचं कालवण आणलं होतं. ती वाढत होती आणि मी तिच्या हातांकडे बघत होते. तिचा दीर गोव्याला ट्रक चालवतो हे मला एकाएकी आठवलं. तो महिन्यातून दोनदा दोडामार्गात येतो हेही आठवलं. एखाद्यावर संशय घ्यायचा ठरवला की त्याचे नातेवाईक आपोआप कामाला येतात. मी मनाशी गोष्ट जुळवली. बकुळाचं खरं पिल्लू कुणा शौकीन माणसाच्या बंगल्यात गेलं असणार, आणि त्याच्या जागी कुठलं तरी सदतीसवालं पोर आणून ठेवलं असणार. गोष्ट इतकी छान जुळली की मला जेवण गेलं नाही.

"काय झाला? तिखाट झाला?" तिने विचारलं.

"नाही."

"मगे असा कित्याक बघतात? माझ्या तोंडार काय लिवलेला आसा?"

मी म्हटलं, पित्त झालंय.

दुसऱ्या दिवशी मी जुनी दप्तरं उतरवली. माणूस एका नोंदीत खोटं लिहितो, पण त्याच दिवसाच्या बाकीच्या पाच नोंदी दुसरे लोक लिहीत असतात, हे त्याच्या लक्षात राहत नाही. धक्क्यावरच्या चौकीदाराने लिहिलेली होडीची नोंद सापडली: किनारा, बेट तीन, बेट चार, किनारा. पिल्लू बकुळाकडून शेवंतीकडे न्यायचं असेल तर आधी चार आणि मग तीन असायला हवं. फेरी उलटी होती. आणि भांडाराच्या नोंदीत, भांडारपाल परबांच्या तिरक्या अक्षरात, एक दिवस आधी, ११ तारखेला: भाताचा कोंडा, एक मूठ, सुभद्रा गवस. परब मूठ दिली तर मूठच लिहितात, म्हणून मला ते आवडतात.

आमचे गिबन कोंडा खात नाहीत.

मी ती ओळ पुटपुटून पाहिली. मग कानात एक जुनी हाक आली. आमच्या सावंतवाडीच्या आळीत एक पोस्टमन होता, कोंडो. त्याच्या आईची चार पोरं दगावली होती. पाचव्याला तिने जन्मल्याबरोबर शेजारणीच्या ओटीत घातलं आणि मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतलं. म्हणजे पोर शेजारणीचं, आपण फक्त सांभाळतो. जे काही पोरं न्यायला येतं ते खऱ्या आईच्या नावाने शोधत येतं, आणि तिच्या नावावर पोरच नसतं.

कोंडू हे नाव सुभद्रानेच ठेवलं होतं. रणदिव्यांना ते तेव्हा आवडलं नव्हतं. बाहेरच्या लोकांना वाटेल आपण प्राणी कोंडून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं.

ती धक्क्यावर टोपल्या धूत होती. मी शेजारच्या पायरीवर बसले.

"सुभद्रे, कोंडू कोणाचा?"

"बकुळेचा."

"ते वहीत आहे. मला सांग."

"वही तुमचीच मां?"

"बकुळाच्या बेटावर कोंडा कशाला नेलास?"

तिचे हात पाण्यातच राहिले. टोपली वाहत चालली, ती मी ओढून घेतली.

"हळू बोला," ती म्हणाली. तिने तीन नंबरच्या बेटाकडे बघितलं. "दोन गेली हुती तिची. पोर गेला तरी ती सोडना नाय. तीन तीन दिस हातात धरून बसता, वास येता तरी. तुमच्या वहीत एक वळ असता, मृत. मी वर बघीत बसलेली असतंय. तिसरा इला ता जिता. आणि त्याच दिसा बकुळेचा मेला. मी मूठभर कोंडो बकुळेच्या बेटार टाकलंय. सांगलंय तिका, बकुळे, शेवंतीकडचा पोर तुझा, आमी तुझ्याकडसून इकत घेतलाव. मेलेला ता शेवंतीचा. झाला."

"आणि वहीत?"

"वहीत पण तसाच लिवलंय. तोंडान सांगलेला वाऱ्यार जाता. तुमची वही सगळे मानतत. सायब मानतत, दिल्लीवाले मानतत." तिने आवाज आणखी खाली आणला. "म्हटलंय, न्हेऊक येणारो पण मानीत."

बावीस वर्षांत माझ्या वहीचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. मला राग कुठून सुरू करावा ते कळेना.

"माझ्या सहीखाली तू हे केलंस."

"तुमची सही हुती म्हणानच."

"आणि पेरू?"

"शेवंतीचो पेरू दिलंय असतंय तर यंत्रान तिचा नाव लावल्यान नसता? सवातीन वर्सां पोर जगला. माझो थोरलो भाव तसोच जगलो. आता तुमी आणि ता यंत्र मिळान तेका मारतलात."

मला जे सांगायचं होतं ते मी तोपर्यंत राखून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर तिला जरा पेचात पकडण्यासाठीच. यंत्राबरोबर एक परिपत्रकही आलं होतं. एखाद्या मादीची सलग तीन पिल्लं मेलेली असतील आणि एकही जगलेलं नसेल, तर सांधा सापडो वा न सापडो, तिची जोडी मोडायची. नर दुसऱ्या मादीला द्यायचा, मादीला पिल्लं न होण्याची व्यवस्था करून उत्तरेकडच्या एका प्राणिसंग्रहालयात पाठवायचं. सांधा असूनही पिल्लू जगलं असेल तर मात्र जोडीला हात लावायचा नाही, कारण जगणारा सांधा हा जातीचा साठा आहे. यादी दहा एप्रिलला जायची होती. यादी माझ्या वहीवरून आपोआप तयार होते. तिच्यावर आमच्याकडचं एकच नाव होतं.

"शेवंतीचं," मी म्हटलं.

"कित्याक? दोनच गेली तिची."

"तिच्या नावावर तीन आहेत. तिसरं तू लिहिलंस. आणि जगलेलं तू बकुळाला दिलंस."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे. मी तिचा हिशेब चाललेला बघत होते, आणि मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं, ते आता लिहायला बरं वाटत नाही.

"तुमी फसवतात माका," ती म्हणाली. "सायबान शिकवला तुमका."

"साहेबांना हे खोटंच हवंय. त्यांच्यासाठी तुझी नोंद खरी राहिली तरच बरं."

"मगे आईबापाची ती परीक्षा धाडा. मी कित्याक सांगू?"

"तिचा निकाल मेच्या शेवटी येईल. शेवंती एप्रिलमध्ये जाईल. जिने लिहिलं तिने जबाब दिला तरच नोंद आता बदलता येते. तो नियम मी केलेला नाही."

"सांगलंय तर पोर मरात. नाय सांगलंय तर ती जायत." तिने टोपली उचलली. "बरे नियम करतात तुमी लोका."

ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. डबाही दुसरीकडे खाल्ला. त्या तीन दिवसांत रणदिवे दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी प्रमाणपत्राचा मजकूर टाइप करूनच आणला होता, माझ्या नावाखाली ठिपक्यांची रेघ.

"डॉक्टर, नोंद चुकीची निघाली तर?" मी विचारलं.

"निघेल असं वाटतं तुम्हाला?"

"मला सगळंच वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

रणदिवे मूर्ख नव्हते. उलट्या फेरीची त्यांनाही माहिती असती तर त्यांनाही दहा मिनिटांत कळलं असतं. पण त्यांनी फेरी बघितली नव्हती, आणि बघायची गरज पडू नये याची ते काळजी घेत होते.

"बाई, एका पिढीत पडलेला सांधा कपीमध्ये असा रंगेहाथ पकडणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "आपणही असेच कधीतरी अठ्ठेचाळिसाचे सेहेचाळीस झालो. तो दिवस कुणी पाहिला नाही. हा पाहिला गेलाय."

"हाही कुणी पाहिलेला नाही. म्हणून तर तुम्हाला माझी सही लागतेय."

ते कागद टेबलावर ठेवून गेले. मी तो फायलीत लावला, सही न करता.

चौथ्या दिवशी सुभद्रा आली. हातात चिकूची फोड, दाताच्या खुणा असलेली, आणि चिठ्ठीवर तिच्या अक्षरात शेवंती. "आधी ह्या यंत्रात घाला," ती म्हणाली. "सदोतीस इले तर जबाब देतंय. अडतीस इले तर तुमी खोट्या."

"अडतीस आले तर मी खोटी कशी?"

"कशी ता मगे बघू."

वीस मिनिटं आम्ही दोघी यंत्रासमोर दोन खुर्च्यांवर बसलो, डॉक्टरच्या दवाखान्यात बसावं तसं. निकाल सदतीस. कोंडूत होता तोच सांधा, त्याच जागी. तिला पडद्यावरचं फारसं कळत नव्हतं. तिने बोटाने धागे मोजले, दोनदा.

जबाब संचालकांच्या खोलीत झाला. सुभद्राने आधी तळ्याच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. संचालक मराठवाड्यातले, त्यांना वाटलं तिला वारा बाधतो. त्यांनी पंखाही बंद केला. तिने कोंडूचं नाव एकदाही घेतलं नाही. "बेट तीनवरल्या त्या पोराची आवस शेवंती," एवढंच म्हणाली, तेही इतकं हळू की कारकुनाने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती त्याच्यावर खेकसली, "एकदा सांगलेला बस नाय? गावभर ओरडू?"

नोंद बदलली. शेवंतीच्या नावावर दोन मृत, एक जिवंत. बकुळाच्या नावावर एक मृत वाढलं. यादीतून शेवंतीचं नाव आपोआप गेलं, जसं आलं होतं तसंच. दहा एप्रिलला होडी तिला न्यायला आली नाही. सकाळी ती आणि तिचा नर नेहमीप्रमाणे ओरडले.

रणदिव्यांनी दत्तकाचा निबंध मागे घेतला. आठ दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी मला विचारलं की शेवंतीच्या आधीच्या दोन पिल्लांचं काही जपून ठेवलंय का, कारण एका घराण्यात सांधा कसा टिकतो हा विषयही वाईट नाही. अशा माणसाची मला काळजी वाटत नाही.

सुभद्राची नोकरी वाचली, कारण न बघता सही केल्याचं मी लिहून दिलं. माझ्या फायलीत ताशेरा पडला, बावीस वर्षांतला पहिला. पण खोटी नोंद करणाऱ्या रक्षिकेला बेटांवर ठेवता येत नाही. तिला स्वयंपाकघरात फळं कापायला बसवलं आणि बेटांकडे जायची मनाई झाली. तो आदेश मीच तयार केला, माझं कामच ते.

आता बेट तीनची सकाळची हजेरी माझ्याकडे आली. खरं तर ती नव्या रक्षकाने घ्यायची. पण जबाबानंतरच्या दुसऱ्या दिवशी कोंडू उशिरापर्यंत दिसला नाही, आणि मी कचेरीतून दुर्बीण घेऊन धक्क्यापर्यंत कधी आले ते मलाच कळलं नाही. तो पानांच्या आड झोपला होता. त्यानंतर मी रोज जाते. त्या मूठभर कोंड्याने काही होतं यावर माझा विश्वास नाही. धागे वाटणीत नीट आले म्हणून तो जगला, हे मी कुणालाही पडद्यावर दाखवू शकते. तरीही शेवंती दिसली, नर दिसला की मी पुढचा श्वास जरा थांबवून घेते. परवा कोंडू दोनदा खोकला. मी ते पशुवैद्यांना कळवलं, आणि सुभद्राला कळवलं नाही.

आज निघताना तिने मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. हातात पपई होती.

"बाईनू, पोर खोकता म्हणतत."

"कोण म्हणतं?"

"कोणय म्हणतत. खोकता?"

"दोनदा. आता बरा आहे."

"माका सांगूक नाय."

"दोनच वेळा खोकला, म्हणून नाही सांगितलं."

ती पपई कापत राहिली. बिया एका बाजूला, साल एका बाजूला.

"तो मेलो तर काय करशात?"

"नोंद करीन."

"ती करशात, माका ठावक आसा. माका सांगशात काय, ता विचारतंय."

"सांगेन."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांकडे तशीच बघत आलेय.

"दाखवा माका," ती म्हणाली. सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्या पुढे धक्क्याकडे चालू लागली.

तिला थांबवायला हवं होतं. आदेश माझ्याच हातचा होता आणि होडीवाला ते जाणून होता. तो माझ्याकडे बघत राहिला. सुभद्रा होडीत चढून बेट तीनकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि होडीवाल्याला म्हटलं, "चल."